फोर बाय फोरच्या पुढच्या चाकातला आवाज: २८ हजार खर्च करण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. २०१५ ची डिझेल फोर बाय फोर, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. जुलैत माळशेजला जाऊन आलात, तिथे चिखलाच्या वाटेवर फोर-हाय (चारही चाकांना जोर देणारा मोड) लावून चालवलीत. परत आल्यावर पुढच्या डाव्या चाकातून खर्र... खर्र असा आवाज सुरू झाला. बोरिवलीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भिंतीलगत हळू चालवताना तो स्पष्ट ऐकू येतो. उजवीकडे वळताना वाढतो. ब्रेकवर हलका पाय ठेवला की थांबतो. गॅरेजने पुढचे पॅड बदलून दिले, आठवडाभर बरं वाटलं आणि आवाज परत आला. आता ते म्हणतात डिस्क, कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि हब बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते) तिन्ही बदला, २८ हजार होतील. करू का, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर: आत्ता करू नका. ते गॅरेज फसवतंय असं मला म्हणायचं नाही. कदाचित त्या तिन्हीतलं एखादं खरंच गेलं असेल. पण तिन्ही एकदम बदलायला सांगणं म्हणजे दोष सापडलेला नाही. आणि आवाज ब्रेकचाच आहे हेसुद्धा अजून कुणी ठरवलेलं दिसत नाही. ज्या गाडीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो, तिच्या पुढच्या चाकापाशी मुख्यतः ब्रेक, बेअरिंग आणि सस्पेन्शन एवढेच संशयित असतात. फोर बाय फोरमध्ये त्याच जागेत लॉकिंग हब (चाक ॲक्सेलला जोडणारा-सोडणारा भाग), ॲक्सेल शाफ्ट, त्याचा जॉइंट, जवळच डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) आणि तिला जोर पोचवणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट असा सगळा गोतावळा असतो. सगळ्यांचा आवाज चाकातूनच येतोय असं वाटतं.

भांडुपला माझं छोटं गॅरेज आहे. २७ वर्षं झाली, बहुतेक काम जीप आणि एसयूव्हीचंच. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं तीन गोष्टींवर अवलंबून राहील: तुमच्या मॉडेलला हब कोणत्या प्रकारचा आहे, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का, आणि टायर कंपनीच्या मापाचे आहेत की मोठे टाकलेत. मोठे टायर असतील तर आधी मडफ्लॅप आणि चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर बघा. वळताना टायर तिथे घासत असेल तर काळा गुळगुळीत पट्टा उमटलेला दिसतो. तसं असेल तर पुढचं काहीच करायची गरज नाही.

आता तुम्ही दिलेल्या खुणांकडे येऊ. ब्रेक दाबला की आवाज थांबतो, यावरून बऱ्याच जणांना वाटतं की ब्रेक निर्दोष आहे. तसं नाही. पॅड कॅलिपरच्या कंसात थोडा सैल बसलेला असेल, त्याची स्प्रिंग पत्ती राहिली असेल किंवा मागची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) काढून टाकलेली असेल, तर मोकळा पॅड थरथरतो, हलकासा घासतो. ब्रेक दाबला की तो डिस्कवर घट्ट धरला जातो आणि गप्प होतो. तसंच बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर डिस्क किंचित डुलते. ब्रेक लागला की पॅड तिला धरून ठेवतात आणि डुलणं थांबतं. म्हणजे या एका खुणेवरून पॅड किंवा बेअरिंग दोन्ही निघू शकतात. उलट ब्रेक दाबल्यावरच चीं असा आवाज आला असता तर पॅडचा कडकपणा, डिस्कवरची तकाकी, पिनांचं ग्रीस या दिशेने गेलो असतो. आणि पाय ठेवल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं झालं असतं, तर गाडी तिथेच उभी करायला सांगितली असती.

पहिली तपासणी गाडीत बसूनच करायची. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, काचा खाली करून, भिंतीजवळून साधारण १० च्या वेगाने जा आणि आवाज मोजा. तुमच्या गाडीला २३५/७० आर १६ च्या आसपासचे टायर असतील तर चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर होतो. १० च्या वेगाला गाडी सेकंदाला २.८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला एकाहून थोडं जास्त वेळा फिरतं. तुमचा खर्र-खर्र त्याच तालात असेल तर दोष चाकासोबत फिरणाऱ्या वस्तूत आहे: डिस्क, हब, बेअरिंग, ॲक्सेलचा चाकाकडचा भाग. आवाज त्याच्या चौपटीच्या आसपास भरभर येत असेल तर प्रॉपेलर शाफ्ट बघावा लागेल, कारण डिफरन्शियलमध्ये वेग साधारण तेवढ्याच पटीने कमी होतो आणि शाफ्ट चाकापेक्षा तितका जास्त फिरतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी शांतपणे मोजलंत तरी चालेल. या एका मोजणीने माझ्याकडच्या कित्येक गाड्यांचं काम अर्ध्यावर आलंय.

दुसरी गोष्ट विचारतो, रागवू नका. माळशेजहून आल्यावर गाडी टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, नक्की परत आली का? लिव्हर किंवा बटण टू-हायला असणं आणि आतून ड्राइव्ह सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्ट-टाइम फोर बाय फोरला, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या गाडीला, पुढच्या-मागच्या शाफ्टमधला डिफरन्शियल नसतो. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबची वाट चालावी लागते. चिखलात तो फरक चाकं घसरून भरून काढतात. डांबरावर किंवा पार्किंगच्या कोब्यावर घसरायला जागा नसते, मग शाफ्ट पिळला जातो, टायर कुरकुरतात, पुढून दबका गुरगुराट येतो आणि स्टीअरिंग जड होतं. मुंबईत पावसात रस्ता ओला आहे म्हणून फोर-हाय लावून ऑफिसला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ओलं डांबर म्हणजे चिखल नव्हे, तिथे फोर-हाय नको.

आता हब. काही गाड्यांना चाकाच्या मध्यभागी हाताने फिरवायची चकती असते, एका बाजूला फ्री आणि दुसऱ्या बाजूला लॉक. काहींना आपोआप लागणारा हब असतो, काहींना व्हॅक्यूमवर चालणारा, आणि काहींना हब लॉकच नसतो, ॲक्सेल कायम चाकाला जोडलेला. जुन्या धाटणीचे काही ऑटो हब टू-हाय केल्यावर गाडी सरळ थोडी मागे घेतल्याशिवाय सुटत नाहीत. व्हॅक्यूमच्या हबमध्ये चिखलपाण्याने नळी निसटली किंवा चिरली तर हब ना धड लागतो ना धड सुटतो, दातावर दात घासत राहतो. तो आवाज खरखरीसारखाच, अगदी ब्रेक घासल्यागत येतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००९ च्या पावसाळ्यात मुलुंडचं एक कुटुंब जीप घेऊन आलं, उजव्या पुढच्या चाकात खरखर. मी पॅड बदलले. आवाज राहिला. बेअरिंग बदललं. आवाज राहिला. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा माझ्याकडच्या पोराने चाक पुसता पुसता हबच्या चकतीवर बोट ठेवलं: खूण फ्री आणि लॉकच्या मधोमध होती. चकती मातीने जाम होऊन अर्ध्यात अडकली होती. उघडून धुतली, ग्रीस केलं, पूर्ण फ्रीवर आणली आणि आवाज गेला. बेअरिंगचे पैसे मी त्यांना परत दिले. तेव्हापासून फोर बाय फोर आली की आधी हब बघायचा, मग पाना हातात घ्यायचा, हा माझ्या गॅरेजचा नियम आहे.

तुमच्याकडे चकतीवाला हब असेल तर तुमच्या हातात फार चांगली चाचणी आहे. दोन्ही हब फ्री करून त्याच रस्त्याने जा, मग दोन्ही लॉक करून, पण टू-हायमध्येच, पुन्हा जा. फ्री असताना ॲक्सेल, जॉइंट आणि पुढचा डिफरन्शियल उभे राहतात. फक्त हब, डिस्क आणि बेअरिंग फिरतात. आवाज दोन्ही वेळा सारखाच आला तर ॲक्सेल-जॉइंट संशयातून सुटले, ब्रेक आणि बेअरिंग उरले. फक्त लॉक असताना आला तर २८ हजारांच्या त्या यादीतलं एकही काम लागणार नाही.

इथवर एक पैसाही खर्च झालेला नाही. यानंतर जॅक लावावा लागेल. घरी करणार असाल तर सपाट जागा, मागच्या चाकांना ओंडके, गाडीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही. पुढची दोन्ही चाकं उचला. एकच उचललंत आणि हब लॉक असला तर चाक हाताने फिरवताना डिफरन्शियलचाही जोर लागतो आणि तो ब्रेकचा अडसर समजला जातो. दोन्ही उचलून डावं फिरवलं की उजवं उलट फिरू लागेल. घाबरू नका, डिफरन्शियलचं कामच ते आहे. ट्रान्समिशन न्यूट्रलला ठेवा.

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. टकटक जाणवली तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा. ९ आणि ३ वर धरून हलवल्यावर जाणवली तर आधी टाय रॉडचं (स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं) टोक बघा. तुमचा आवाज उजवीकडे वळताना वाढतो, म्हणजे गाडीचं वजन डाव्या बाजूला येतं तेव्हा. त्यामुळे डाव्या बेअरिंगवर माझा संशय आहेच, ते मी लपवत नाही. पण बेअरिंग घरघरतं. ते बहुधा ५०-६० च्या वेगाला जास्त बोलतं आणि ब्रेकने फारसं गप्प बसत नाही. तुमचा आवाज हळू वेगाचा आणि तालात येणारा आहे. म्हणून बेअरिंगला मी पहिला नंबर देत नाही. ढिलाई हाताला लागली तर मात्र लगेच मत बदलेन.

चाक काढल्यावर आधी डिस्कच्या मागचा पत्रा बघा. चिखलातून आलेल्या गाडीत मला सर्वात जास्त वेळा इथेच उत्तर मिळालंय. पातळ पत्र्याची ती प्लेट आणि डिस्क यांच्यात जेमतेम काही मिलिमीटर जागा असते. त्यात वाटाण्याएवढा खडा अडकला किंवा दगड लागून पत्रा आत वाकला की दर फेरीला खर्र. डिस्कच्या मागच्या बाजूला गोल चकाकणारी रेघ दिसेल. स्क्रू ड्रायव्हरने पत्रा हळूच बाहेर वाकवायचा, खडा काढायचा, काम संपलं. पॅड बदलताना पत्रा हलतो, खडा सरकतो, मग चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सुरू. तुमचा आठवडाभराचा आराम मला इथे आठवतो.

तिथे काही नसेल तर कॅलिपर उघडायचा, आणि इथे घाई नको. कॅलिपर उतरवला की तारेने बांधून ठेवा, होज पाइपवर (ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्या बाहेर ओढा. चांगली पिन बोटांनी सहज येते, तिच्यावर ग्रीसचा पातळ पारदर्शक थर असतो. पाणी शिरलेली पिन पक्कडीने फिरवून ओढावी लागते. रबरी टोपीत चहाच्या रंगाचं पाणी निघतं, पिनेवर तांबूस खवले असतात आणि एका ठिकाणी कडा उभी राहिलेली नखाला लागते. अशी पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड डिस्कवर ओढला जात नाही आणि सगळं काम पिस्टनकडच्या आतल्या पॅडवर पडतं. परवाच एका गाडीत बाहेरचा पॅड ७ मिलिमीटर आणि आतला २ निघाला. बाहेरून डोकावून बघणाऱ्याला पॅड नवेच वाटले असते. दोनपैकी एकच पिन अडकली तर पॅड तिरका झिजतो, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ.

पिना साफ करून त्यावर सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावायचं. गॅरेजमधल्या डब्यातलं चासीचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि दोन महिन्यांत पिन पुन्हा जाम. हा हलगर्जीपणा मी फार पाहतो, आणि त्यापायी चांगले कॅलिपर भंगारात जातात. पिन खवल्यांनी खाल्ली असेल तर पिन आणि रबराचा किट बदला. पिस्टन हाताच्या क्लॅम्पने सावकाश आत जात असेल, त्याच्यावर गंज नसेल आणि धुळीचं रबर शाबूत असेल तर कॅलिपर बदलायचं काही कारण नाही.

पिस्टन परत येत नाही असं वाटलं तर निर्णय असा करायचा. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा, चाक घट्ट झालं की कॅलिपरचा निपल (तेल आणि हवा काढायचा छोटा स्क्रू) जरा सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय; होज पाइप आतून सुजून बंद झालेला असतो, वरून तो धडधाकट दिसतो. चाक तरीही घट्ट राहिलं तर पिस्टन किंवा पिना. होज बदलायला कॅलिपरच्या मानाने किरकोळ पैसे लागतात. ही चाचणी न करता कॅलिपर बदलला आणि दोष होजमध्ये निघाला, असं व्हायला नको. चाक अडकतंय का हे घरबसल्याही कळतं: दहा किलोमीटर चालवून या आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न्या, डिस्कला मात्र लावू नका. डावं उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर अडकतंय.

डिस्कबद्दल थोडक्यात. कमीत कमी जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. मोजून त्याच्याखाली गेली असेल तर बदला, वर असेल आणि खोल चर नसतील तर राहू द्या. डुलते की नाही हे डायल गेजने बघतात, नजरेने नाही. आणि डुलली तरी आधी डिस्क काढून हबचा चेहरा, म्हणजे डिस्क टेकते ती बाजू, तारेच्या ब्रशने घासून बघा. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी नवी डिस्कसुद्धा डुलेल. चाकाचे नट हवेच्या गनने वाटेल तसे आवळले तरी तेच होतं. मॅन्युअलमधल्या आकड्यावर, टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायला सांगा. तुमच्याकडे समुद्राचा वारा आहे. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज येतो आणि पहिले दोन-तीन ब्रेक घासतात. तो आवाज दोष म्हणून मोजू नका.

एबीएस असेल आणि गाडी थांबता थांबता पेडलखाली कर्रर्र थरथर होत असेल, तर ढिलं बेअरिंग किंवा सेन्सरपाशी साचलेली लोखंडी घाण एबीएसला चुकीचा वेग दाखवते. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणून एवढ्यावर सोडतो.

मग तुमच्या गाडीत माझा क्रम असा राहील: आधी हब नीट सुटलाय का, मग मागचा पत्रा आणि खडा, मग पॅडच्या पत्त्या आणि पिना, मग बेअरिंग. डिस्क आणि कॅलिपर सर्वात शेवटी, तेही मोजून आणि चाचणी करून. कुठल्याही नीट गॅरेजमध्ये ही तपासणी दोन तासांत होते. मजुरी आधी ठरवा आणि चाक उघडताना तिथे उभे राहा. बेअरिंग निघालंच तर त्याच्यासोबत ऑइल सील नवं टाका, जुनं पुन्हा बसवू देऊ नका. चिखलाचं पाणी तिथूनच शिरलेलं असतं. पार्ट ऑपेरा हाऊसहून आणा किंवा डीलरकडून, पक्कं बिल घ्या. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून गिअरचं झाकण आणायला माझी हरकत नाही, पण ब्रेकचा कुठलाही भाग वापरलेला आणू नका.

तपासणी होईपर्यंत शहरात सावकाश चालवायला हरकत नाही, घाटात मात्र नेऊ नका. पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागलं, ब्रेकच्या तेलाची पातळी उतरली, गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा चाकातून जळका वास आला, तर अजिबात चालवू नका, टोइंग मागवा.

आणि उद्या सकाळी त्या गॅरेजला एक फोन करा. महिन्यापूर्वी काढलेले जुने पॅड अजून कोपऱ्यात पडले असतील तर चारही मागून घ्या. डावीकडचे आतला-बाहेरचा शेजारी ठेवून जाडी बघा, तिरके झिजलेत का बघा, आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून मला पाठवा. पिना अडकल्यात की नाही हे मी त्या फोटोंवरून बहुतेक सांगू शकेन.